परभाषेतील नभोवाणी आणि संस्कृतीचा परिचय

आपल्या संस्कृतीचा परिचय परक्या देशास नभोवाणीवरून करून द्यावयाचा, तर तो कोणत्या भाषेत? श्रोत्याच्या भाषेत, हे उत्तर सोपे वाटते. परंतु तेवढ्याने काम भागत नाही. बी. बी. सी.च्या अरबी विभागाचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

१९३२ मध्ये लंडनहून सुरू झालेली साम्राज्यसेवा इंग्रजीत असल्याने इंग्रजी जाणणाऱ्यांपुरतीच मर्यादित राहिली. १९३४ पासून इटलीच्या बारी केंद्राने अरबी संगीताच्या जोडीने अरबीतून प्रचार आरंभिला, तेव्हा ब्रिटिश सरकार जागे झाले. ३ जानेवारी १९३८ रोजी लंडनहून अरबी कार्यक्रम सुरू झाला. बी. बी. सी.चा तो पहिलाच परभाषिक कार्यक्रम होय.

मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या अरबी बोली परस्परांहून फार भिन्न आहेत. म्हणून सर्वत्रच्या सुशिक्षितांस समजणारी ग्रांथिक अरबी स्वीकारण्यात आली आणि निवेदनासाठी कैरोच्या नभोवाणीवरील अहमद कमाल सुरूर यांस पाचारण करण्यात आले. अरबी शिकलेल्या इंग्रजाच्या तोंडी ती भाषा देण्यात आली नाही.

खरी कसोटी पहिल्याच दिवशी लागली. पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या आदेशाने एका अरबास फाशी दिल्याचे वृत्त त्या बातमीपत्रात होते. परराष्ट्र खात्यास ते रुचले नाही. परंतु अप्रिय वार्ता गाळणे म्हणजे सत्य दडपणेच होय, अशी भूमिका बी. बी. सी.च्या अधिकाऱ्यांनी घेतली. असा विश्वास संपादन केल्यावाचून वाङ्मय वा कला यांविषयीचे भाषण श्रोता मोकळ्या मनाने ऐकत नाही. पुढे ताहा हुसेन यांच्यासारख्या थोर अरबी साहित्यिकांची व्याख्यानेही याच केंद्रावरून झाली. म्हणजे यजमानाने पाहुण्याच्या वाङ्मयासही मानाचे आसन दिले. जानेवारी २०२३ मध्ये, पंचाऐंशी वर्षांनी, हे अरबी नभोवाणी-प्रक्षेपण थांबले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनहून मराठीतही बातमीपत्रे प्रक्षेपित होत. तेथे १९४१ ते १९४३ या काळात काम करणारे जॉर्ज ऑर्वेल इंग्रजीत मसुदे लिहीत आणि त्यांची मराठी, गुजराती आदी भाषांत रूपांतरे होत. वेणू चितळे या त्यांच्या सहकारी होत्या. मूळ मजकूर कोणाचाही असो, श्रोत्यास आपला वाटतो तो उच्चारणाऱ्याचा स्वर.

दोन भाषांच्या सीमेवर आयुष्य काढणाऱ्या आम्हां शिक्षकांस यातील मर्म निराळे सांगावयास नको. शेजारची भाषा केवळ व्यवहारापुरती न शिकविता तिच्या वाङ्मयासह शिकविली, तरच आपले वाङ्मय त्या घरी पोचविणारा माणूस निपजेल. यंत्र आवाज पोचविते. अर्थ पोचविण्यास असा माणूसच लागतो, आणि तो शाळेतच घडावा लागतो.