कच्च्या मांसाचा हिशेब

राजधानीच्या परिसरात, म्हणजे खुद्द दिल्लीत आणि तिला लागून वाढलेल्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद या शहरांत, घरोघरी पाळलेल्या कुत्र्याच्या ताटात काय वाढावे, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक खर्चवेचाचा भाग होऊन बसला आहे. आणि पिशवीतल्या तयार दाण्यांचे भाव चढत गेले, तसतसा पुष्कळांचा ओढा घरच्या घरी तयार करावयाच्या कच्च्या मांसाहाराकडे वळू लागला आहे. या पंथाला शास्त्रीय भाषेचे अधिष्ठान मिळाले ते प्रामुख्याने इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यामुळे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ या पुस्तकात त्यांनी असे प्रतिपादन केले की कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे कच्चे मांस, कच्ची हाडे आणि आतडी-काळीज हाच त्याच्या स्वाभाविक आहाराचा गाभा होय. कुत्र्यासाठी भाजलेली बिस्किटे विकण्याची कल्पना जेम्स स्प्रॅट या गृहस्थाने लंडनमध्ये रूढ केली ती १८६० च्या सुमारास. तेव्हा तयार खाद्याची ही वहिवाट फार जुनी नाही, हा बिलिंगहर्स्ट यांच्या पक्षाचा मुद्दा खराच आहे.

परंतु तो अर्धाच खरा आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या द्रव्याचे जनुक कुत्र्यामध्ये लांडग्याच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढलेले आहे. माणसाच्या उंबरठ्याशी आल्यानंतरच्या हजारो वर्षांत माणसाचे धान्यही त्याने आपलेसे करून घेतले. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि मुधोळकडच्या मेंढपाळांची ती सडपातळ, वाऱ्यासारखी धावणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी आणि दूध यांवर पोसली गेली, हे आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यातले आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की या आहारात जे हितकारक आहे, ते मांसाच्या कच्चेपणात नसून त्यातील घटकांच्या प्रमाणात आहे. आणि स्वस्ताईच्या मागे लागून नेमके हे प्रमाणच बिघडवले जाते.

ते प्रमाण असे. प्रौढ, निरोगी कुत्र्याला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के इतके अन्न रोज पुरते; म्हणजे वीस किलोच्या, आपल्याकडील देशी बांध्याच्या कुत्र्याला सुमारे अर्धा किलो. या अर्ध्या किलोत साधारण दहा टक्के हाड, पाच टक्के कलेजी, पाच टक्के गुर्दा किंवा तिल्ली यांसारखा दुसरा एखादा अवयव आणि उरलेले मांस असावे, असा या पंथाचा शिरस्ता आहे. कोंबडीच्या मानेत सुमारे एकतृतीयांशाहून थोडे अधिक हाड असते. तेव्हा दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर माना घेतल्या की हाडाचा हिस्सा भागतो. पंचवीस ग्रॅम कलेजी, तितकाच गुर्दा, आणि बाकीच्या तीनशे ग्रॅमांत म्हशीच्या मांसाचा कीमा, कोंबडीचा पोटा आणि दिल. दिल हा अवयव वाटत असला तरी हिशेबात तो मांसच धरावा; हृदयाच्या स्नायूत टॉरिन नावाचे द्रव्य विपुल असल्यामुळे तो आवर्जून घालावा.

आता बाजार. पूर्व दिल्लीत, त्या कुप्रसिद्ध कचऱ्याच्या डोंगराच्या सान्निध्यात, गाझीपूरची मुर्गा मंडी आहे. दक्षिणेत आयएनए मार्केट आहे. आणि प्रत्येक वस्तीत कोपऱ्यावरचा खाटीक आहेच. माणसांच्या पानात ज्यांना मान नाही असे जिन्नस, म्हणजे पंजे, माना, पाठीचे सांगाडे, पोटा-कलेजी, तेथे छातीच्या मांसाच्या मानाने पुष्कळच कमी दामात मिळतात, आणि किफायतीचे सारे रहस्य एवढेच आहे. मात्र ‘कुत्ते के लिए चाहिए’ असे म्हटले की खाटीक बहुधा छीछडे पुढे करतो. हे छीछडे म्हणजे चरबी, पडदे, शिरा आणि कातडीचे तुकडे. त्यांत पोट भरण्याचा गुण आहे, पोसण्याचा फारसा नाही. त्याहून मोठा मोह कलेजीचा. ती स्वस्त, कुत्र्याला अतिप्रिय, आणि म्हणूनच पुष्कळ घरांत वाटीभर घातली जाते. परंतु तिच्यातील अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि महिनोन्‌महिने अतिरेक झाला तर सांधे व मणके जखडतात. पंजेही असेच फसवे: त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक हाड असल्याने केवळ पंज्यांवर ठेवलेल्या कुत्र्याला शौचाला कुंथावे लागते.

याच्या उलट चूक अधिक सर्रास घडते, आणि ती प्रेमळ घरांत घडते. उकडलेली बिनहाडाची कोंबडी आणि भात असे सोवळे अन्न वर्षानुवर्षे घातले जाते. मांसात स्फुरद पुष्कळ आणि चुना जवळजवळ नाहीच, सबब रक्तातली उणीव भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून चुना ओढू लागते. वाढत्या पिलाच्या बाबतीत याची निष्पत्ती पाय वाकण्यात, प्रसंगी साध्या उडीने हाड मोडण्यात होते. मोठ्या जातीच्या पिलांसाठी घरगुती आहाराचा प्रयोग पशुवैद्याने तपशील लिहून दिल्याखेरीज करूच नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रमाण बरोबर आहे किंवा नाही, हे कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी फिरायला नेल्यावर विष्ठेकडे पाहावे. ती पांढुरकी, खडूसारखी, बोटाने दाबल्यास भुगा होणारी असेल तर हाड जास्त झाले. काळसर आणि सैल असेल तर अवयव जास्त झाले. बांधीव, तपकिरी आणि थोडी असेल तर पचन सुरळीत चालू आहे. हाड द्यावयाचे ते कच्चे आणि मऊच. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या आतड्याला भोक पाडतात, आणि म्हशीच्या नळीचे टणक हाड दाढ फोडते. जो कुत्रा चावण्याऐवजी गिळतो, त्याच्यासाठी माना बत्त्याने ठेचून घ्याव्यात. कांदा आणि लसूण यांचा स्पर्शही नसावा. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडाला घातक. रोहूसारखे गोड्या पाण्यातले मासे कच्चे घातल्यास त्यांतील एक द्रव्य ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते, म्हणून ते शिजवून, काटे काढूनच घालावेत.

एवढा बंदोबस्त झाला तरी दिल्लीतला खरा मामला पुढेच आहे, आणि तो उन्हाळ्याचा आहे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, मांस दुकानात उघड्यावर टांगलेले असते, ते घरी पोहोचेपर्यंत तास जातो आणि पोहोचल्यावर वीज गेलेली असू शकते. अनुकूल उष्णतेत जंतूंची संख्या वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. डीप फ्रीझरमधील उणे अठरा अंशांच्या थंडीत पुष्कळसे कृमी मरतात, पण साल्मोनेला केवळ निद्रिस्त होतो. म्हणून पहाटे मांस आणावे, रोजच्या हिशेबाने डब्यांत वाटून लगेच गोठवावे, एक डबा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून झाकणासह वितळू द्यावा, आणि कुत्र्याने वीस मिनिटांत न संपवलेले अन्न उचलून टाकून द्यावे. सुरी आणि पाट वेगळे; ताटली गरम पाण्याने धुतलेली. ज्या घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण आहे, त्या घरात कच्चे मांस आणूच नये, कारण कुत्रा जेवतो आणि त्याच जिभेने हात चाटतो.

अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ सालीच कच्च्या मांसाच्या विरुद्ध ठराव केला. त्याला अतिसावधपणा म्हणून बाजूला सारण्याची सोय आपल्याला नाही. २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने राजधानी परिसरातील कोंबडीच्या मांसाचे, कलेजीचे आणि गुर्द्याचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष सापडले. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूच्या धास्तीने गाझीपूरची मंडी काही दिवस बंद ठेवावी लागली. आणि २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले, त्यांच्या नमुन्यांत याच रोगाचा विषाणू निघाला, व तो अन्नातूनच आला असावा असा संशय व्यक्त झाला. सरकारी देखरेखीखालील व्याघ्रांची ही गत, तर आपल्या गच्चीवरच्या कुत्र्याच्या सुरक्षिततेची हमी कोणी द्यावी? हा विषाणू गोठवण्याने मरत नाही, शिजवण्याने मरतो.

म्हणूनच ज्याला थंडीचा, स्वच्छतेचा आणि खात्रीच्या खाटकाचा असा तिहेरी इतमाम करता येत नाही, त्याने तेच जिन्नस त्याच प्रमाणात, केवळ हाड वगळून, थोड्या पाण्यात आतपर्यंत शिजवावेत आणि ते पाणीही फेकू नये. हाडाची जागा अंड्याचे कवच घेते. कवचे धुऊन, दहा मिनिटे उकळून, कडक वाळवावीत आणि मिक्सरमध्ये इतकी बारीक वाटावीत की चिमटीत घेतल्यास पिठासारखी लागतील, कण टोचणार नाही. बिनहाडाच्या अर्धा किलो अन्नास सपाट अर्धा चहाचा चमचा पूड पुरे. त्यात सुमारे एक हजार मिलिग्रॅम चुना येतो, आणि खर्च शून्य. वर थोडा शिजवलेला लाल भोपळा, आठवड्यातून दोन-तीन अंडी, आणि जस्त व ई जीवनसत्त्व यांच्या पूरक मात्रेविषयी पशुवैद्याचा सल्ला. बदल एकदम करू नये. जुने अन्न आठ-दहा दिवसांत क्रमाने कमी करीत न्यावे.

एक गोष्ट मात्र कच्चा पंथ आणि शिजवलेला पंथ या दोघांनाही लागू आहे, आणि ती रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयीची आहे. उरलेली कच्ची फुफ्फुसे, कलेजी, आतडी दयाबुद्धीने गल्लीत टाकण्याची चाल या शहरात आहे. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या अशा अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात, त्यांत एका फीतकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याने ती खाल्ली की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून मातीत जातात, आणि तेथून भाजीच्या पानावरून किंवा मुलाच्या हातावरून माणसाच्या पोटात जाऊन यकृतात तीच गाठ धरते, जी काढायला पुढे शस्त्रक्रिया लागते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी प्रभागवार जागा मुक्रर करण्यास सांगितले आहे. त्या जागी न्यावयाचे अन्न शिजवलेलेच असावे, आणि घरच्या कुत्र्याला अवयव कच्चे घालणाऱ्याने त्याच्या जंतनाशकात फीतकृमीवरचे प्राझिक्वांटेल आहे ना, हे पशुवैद्याला विचारून घ्यावे.