अंतुले खटला आणि समान न्याय

कायद्यापुढे सगळे समान, असे राज्यघटनेचे कलम 14 सांगते. बॅ. अ. र. अंतुले यांच्या खटल्यात ते दोन्ही बाजूंनी तपासले गेले. सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या आरोपामुळे जानेवारी 1982 मध्ये त्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडले. लोकसेवकावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते. पण ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पदच सुटले असेल, तर परवानगी कशाला, असे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ठरवले. (भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने परवानगीचे हे संरक्षण माजी लोकसेवकांनाही मिळाले. मला ते खटकते.)

1984 च्या त्याच निकालात, खटला लवकर संपावा म्हणून, तो विशेष न्यायाधीशाकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे दिला गेला. हेतू चांगला, पण 1952 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार असे खटले फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकत. शिवाय इतर आरोपींना उच्च न्यायालयात अपील करता येई, अंतुल्यांची ती पायरीच गेली. अखेर 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने स्वतःच्याच न्यायालयाचा तो आदेश रद्द केला. दोन न्यायमूर्ती मात्र असहमत होते.