गाव, बिऱ्हाड आणि 'दुसरे घर' : मुंबईकरांच्या प्रदेशनिवडीचा शब्दांतून घेतलेला मागोवा

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांतील मराठी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर चर्चिला जातो. सुटीचे चार दिवस काढण्याकरिता मुंबईबाहेर घर घ्यावयाचे झाल्यास ते कोणत्या प्रदेशात घ्यावे ? कर्जत, लोणावळा, अलिबाग, दापोली, गोवा आणि ऐपत असल्यास दुबई किंवा पोर्तुगाल, अशी नावे एका दमात घेतली जातात. किमती, हप्ते आणि रस्ते यांची माहिती देणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या शब्दांत हा प्रश्न विचारला जातो त्या शब्दांकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः ते शब्द पाहिले म्हणजे या निवडीचे स्वरूप बरेच स्पष्ट होते.

'दुसरे घर' हा शब्दप्रयोग उघडच इंग्रजीतील 'सेकंड होम' या प्रयोगावरून आलेला आहे. मराठीत 'दुसरा घरोबा' असा एक जुना प्रयोग आहे. पण त्याचा अर्थ अगदी निराळा असून तो जाहिरातीत घालण्याजोगा नाही. दोन ठिकाणी घरे असण्याचा अनुभव मुंबईच्या मराठी माणसाला नवा नाही. किंबहुना गिरणगावातील बहुसंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी नांदत आली. नवीन आहे ती गोष्ट एवढीच, की मुंबईबाहेरच्या घराला 'दुसरे' म्हटले जाऊ लागले.

जुन्या व्यवहारात मुंबईतील राहत्या जागेला शब्द होता 'बिऱ्हाड'. मूळ ठिकाणाहून दूर, पोटापाण्यासाठी मांडलेला संसार तो बिऱ्हाड. घर 'बांधतात', बिऱ्हाड 'करतात', 'थाटतात' आणि वेळ आली की 'हलवतात'. चाळीची गणना बिऱ्हाडांवर होई : अमुक चाळीत चाळीस बिऱ्हाडे. गावाची गणना मात्र घरांवर किंवा उंबऱ्यांवर होई : शंभर उंबऱ्यांचे गाव. चाळीतील खोलीला उंबरा नसतो असे नाही. पण तो कोणी मोजला नाही. मोजण्याचा उंबरा गावाकडे होता.

या शब्दभेदामागे भक्कम भौतिक कारण होते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढील दशकांत रत्नागिरी, सातारा व इतर जिल्ह्यांतून माणसे परळ-लालबागेत आली. पुष्कळांची बायकामुले गावीच राहत. एका गावचे दहापंधरा पुरुष मिळून एक खोली घेत, पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. पुढे १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतही खोली होती सुमारे १६० चौरस फुटांची, आणि तीही भाड्याची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, मालकी दिली नाही. गिरगावातील कारकुनाची स्थिती गिरणीकामगाराहून पगारात निराळी असली तरी याबाबतीत निराळी नव्हती. स्वतःच्या मालकीचे म्हणता येईल असे घर असलेच तर ते कोकणात किंवा देशावर होते. तेच पहिले घर. प्रदेश निवडण्याचा प्रश्न उद्भवतच नसे. तो जन्माने सुटलेला असे.

प्रदेश खरोखर 'निवडण्याची' पद्धत दुसऱ्याच वर्गात वाढली, आणि तिचा शब्द होता 'हवा'. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर वसले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढले. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली, नेरळ-माथेरान ही छोटी गाडी १९०७ मध्ये. युरोपियन अधिकारी, त्यांच्यामागून पारशी व गुजराती धनिक यांनी तेथे बंगले बांधले. मराठी भाषकांपैकी थोड्यांनाच हे परवडे, तरी हौस वर्ज्य नव्हती : पुण्याच्या लोकमान्य टिळकांचा सिंहगडावर बंगला होता. गिरगाव-दादरचा मध्यमवर्ग 'हवापालट' करावयास जाई, परंतु बहुधा भाड्याच्या खोलीत. येथे प्रदेश ठरे तो उंची, थंडावा आणि गाडीची सोय यांवरून. त्या ठिकाणी आपले कोणी आहे की नाही, हा विचार गौण होता.

या दोन प्रकारांतील अंतर मराठीच्या विभक्तीतही उमटलेले आहे. 'ई' हा सप्तमीचा जुना प्रत्यय आजच्या भाषेत मोजक्याच नामांना लागतो : घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी. ही सर्व नात्याची स्थळे आहेत. लालबागचा मनुष्य 'गावी' जातो, आणि कोणत्या गावी हे ऐकणाऱ्याने विचारावे लागत नाही. याच मनुष्याने कर्जतला घर घेतले तर तो 'कर्जतला' जाईल, 'बंगल्यावर' जाईल किंवा 'फार्महाऊसवर' जाईल. वीस वर्षे गेला तरी तो कर्जतला 'गावी' जात नाही. (जुन्या गद्यात 'बिऱ्हाडी' हे रूपही आढळते, तेव्हा मुंबईच्या खोलीला भाषेने अगदीच परके ठेवले असे म्हणता येणार नाही.) हा केवळ व्याकरणाचा चमत्कार नव्हे. घर बंद असताना त्याच्याकडे कोण पाहील, याचे उत्तर बहुधा या प्रत्ययापाशी सापडते.

मग 'गाव' दुसरे केव्हा झाले ? दोन घटना येथे महत्त्वाच्या आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गावचे घर ज्या पगारावर शाकारले जाई तो पगार थांबला. कित्येक कुटुंबे गावी परतली, कित्येकांनी गावची जमीन विकून मुंबईतील मुलांची शिक्षणे पुरी केली. दुसरी घटना पुनर्विकासाची. चाळीच्या जागी इमारत उभी राहून भाडेकरू मालक होऊ लागला, बी.डी.डी. चाळींच्या योजनेत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका देण्याचे ठरले. बिऱ्हाड असे घर झाले, आणि त्याच क्षणी गावच्या घराचा क्रमांक घसरला. ज्या वस्तूला क्रमांक लागतो तिची तुलना करता येते. गावची तुलना आता कर्जतशी होऊ लागली.

तुलना करावयाचीच तर ती योग्य गोष्टींची व्हावी. नकाशावरील अंतर हा त्यांतील सर्वांत फसवा घटक होय. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाने सुरू झाली, त्यामुळे दादरहून कुडाळ एका रात्रीवर आले. परंतु ज्या दिवशी मुंबईकराला कुडाळला जावयाचे असते, म्हणजे गणपतीच्या आधल्या दिवशी, त्या दिवशीचे तिकीट मिळणे हीच एक स्वतंत्र विद्या आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळले. उलट २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी बोट सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. शिवडी हे परळचे शेजार, यामुळे परळकराला अलिबागची बाजू एकाएकी जवळ आली. जमिनीच्या मागणीनेही हे अंतर ताबडतोब ओळखले.

दुसरा घटक पाण्याचा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे ऐकून मुंबईकर निश्चिंत होतो. पण जांभा दगड सच्छिद्र असतो, उतार तीव्र असतात, आणि पडलेले पाणी लवकरच समुद्राला मिळते. मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सुटी मात्र मे महिन्यातच असते. यास्तव जागा पाहावयास जावे ते ऑगस्टच्या हिरवळीत नव्हे, तर एप्रिलअखेर, आणि विहिरीत डोकावून यावे.

तिसरा घटक कोकणी माणसाला सांगावा लागत नाही : कौलारू घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. फुटकी कौले बदलणे, वासे पाहणे, वाळवी काढणे ही कामे मालकाच्या सवडीने होत नाहीत, पावसाच्या सवडीने होतात. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. छप्पर उडाल्याचा निरोप कोणी द्यावयाचा, ताडपत्री कोणी घालावयाची ? ज्याला 'गावी' म्हणता येते त्याला शेजारी असतो. इतरांना राखणदार ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार किमतीच्या तक्त्यात कोणी दाखवीत नाही. समुद्र दिसणाऱ्या जागेविषयी आणखी एक गोष्ट : किनारा-नियमनाची अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, तिच्या २०११ व २०१९ मध्ये नव्या आवृत्त्या झाल्या, आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून किती अंतरात बांधकाम वर्ज्य आहे हे त्या ठिकाणच्या वर्गवारीवर अवलंबून असते. विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर ते अंतर २०० मीटर आहे. 'समुद्राला लागून' ही जाहिरातीतील प्रशंसा कायद्यात अडचण ठरते.

आता सर्वांत निर्णायक घटक. पेशवाईतील खेड्यात 'मिरासदार' आणि 'उपरी' असे दोन प्रकारचे कसणारे असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क; उपरी बाहेरून आलेला, कसेल तोवर राहणारा. 'वतन' हा शब्दही पाहण्याजोगा आहे. अरबीत त्याचा अर्थ मायभूमी. मराठीने त्याला वंशपरंपरेच्या हक्काचा आणि उत्पन्नाचा अर्थ दिला. मायभूमी म्हणजे जेथे आपला हक्क नोंदलेला आहे ती, असे जणू मराठीचे मत पडले. मिरासदारी गेली, वतनेही गेली. परंतु १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३ व्या कलमाने महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीस, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून, शेतजमीन विकण्यास मनाई केली आहे. हेतू अर्थातच निराळा, कसणाऱ्याच्या रक्षणाचा. परिणाम मात्र असा, की शहरी खरेदीदार पुन्हा उपरी ठरतो. त्याला बिनशेती केलेली जमीन किंवा तयार सदनिका घ्यावी लागते. शेजारच्या कर्नाटकाने असे निर्बंध २०२० मध्ये उठवले. गोव्याने उलट २०२३ मध्ये भातशेतीच्या हस्तांतरावर नवे निर्बंध घातले. म्हणजे आंबोलीपासून काही तासांच्या परिघात तीन निरनिराळे कायदे लागू होतात.

परदेशी गेल्याने यातून सुटका होते असे नाही. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवून तीतून घर घेता येते. परंतु तेथेही 'तू कोण ?' हा प्रश्न असतोच. थायलंडमध्ये परकीयास सामान्यतः जमीन घेता येत नाही, इमारतीतील सदनिका घेता येते, तीही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. दुबईने २००२ पासून ठरावीक भागांत मालकी खुली केली. पोर्तुगालने घरखरेदीच्या आधारे मिळणारा निवासपरवाना २०२३ मध्ये बंद केला. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी २०१२ मध्ये गावातील दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांवर रोखले. भाषेच्या अभ्यासकाला वेल्सचे उदाहरण विशेष बोलके वाटेल : सुटीची घरे घेणाऱ्या इंग्रजांमुळे किमती चढून वेल्श बोलणारी तरुण कुटुंबे किनारपट्टीची गावे सोडू लागली, अशी तेथील जुनी तक्रार आहे. एप्रिल २०२३ पासून तेथील स्थानिक संस्थांना अशा घरांवर नेहमीच्या कराखेरीज ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार बसवण्याचा अधिकार मिळाला. वर्षातील अकरा महिने दिवा न लागणाऱ्या घरात कोणतीच भाषा बोलली जात नाही. मालवणीचा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर लालबाग-परळच्या ज्या कुटुंबाचे नाव अद्याप एखाद्या सातबाऱ्यावर आहे, त्याची गोष्ट निराळी ठरते. गावच्या सामाईक घरात आपल्या वाट्याला एक खोली आणि चार गुंठे, त्यांचे काय करावयाचे, म्हणून तो हिस्सा विकून कर्जतला सदनिका घ्यावी, असा हिशेब पुष्कळ ठिकाणी मांडला जातो. हिशेबात दोन गोष्टी राहून जातात. शेतजमिनीचा शेवटचा तुकडा विकल्यावर शेतकरी असल्याचा पुरावा पुढे देणे कठीण होते, आणि नातवाला कधी जमीन घ्यावीशी वाटली तर तो उपरी ठरतो. शिवाय हा हिस्सा केवळ भावांचा नसतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तेव्हा 'माहेरी' या रूपालाही आता कागदाचा आधार आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २२ व्या कलमानुसार पहिल्या वर्गातील एखादा वारस वारशाने आलेला आपला हिस्सा विकू लागला तर सहवारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. परंतु हे सारे चालते नोंद असेल तर. पुष्कळ सातबाऱ्यांवर अजून आजोबांचेच नाव आहे. वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, सर्व बहिणींची नावे आणि सह्या ही जुळवाजुळव गणपतीच्या धामधुमीत होत नाही. तिच्यासाठी वेगळी रजा काढावी लागते.