झोपायच्या खोलीची फरशी

फरशी आणि लाकूड एकाच तापमानाला असले, तरी अनवाणी पायाला फरशीच गार लागते. दगड पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड सावकाश. ग्रॅनाइटची उष्णतावाहकता लाकडाच्या दहापटीहून जास्त असते. म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात शहाबादी किंवा कोटा फरशी सुखावते, तर महाबळेश्वरच्या थंडीत लाकडी फ्लोअरिंग बरे वाटते. मात्र लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकूडतंतूंचा असतो. सांध्यांतून पाणी शिरले की तो फुगतो आणि कडा उचलल्या जातात. कोकणातल्या दमट हवेत व्हिट्रिफाइड टाइल्स उत्तम. त्या वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी शोषतात. जुन्या फरशीवरच नवा थर बसवायचा असेल, तर दाराखालची फट आधी मोजावी. जागा कमी पडल्यास दार खालून तासून घ्यावे लागते.