आनन चेता : कार्य आणि निदानातील महत्त्व

मेंदूतून निघणाऱ्या कर्पर चेतांच्या १२ जोड्यांपैकी सातवी जोडी म्हणजे आनन चेता. हावभावांच्या स्नायूंचे नियंत्रण, जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागातील चवीचे ज्ञान, तसेच अश्रू व लाळ यांचे स्रवण ही तिची प्रमुख कार्ये होत. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडून आदेश मिळतात. चेहऱ्याच्या खालच्या भागाला मात्र मुख्यत्वे विरुद्ध गोलार्धाकडूनच. त्यामुळे एका गोलार्धातील पक्षाघातात तोंड वाकडे झाले तरी कपाळावर आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत खुद्द चेताच दुर्बल होत असल्याने त्या बाजूला आठ्या पडत नाहीत व डोळाही नीट मिटत नाही. हा भेद पारखणे चिकित्सकाचे काम होय. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून ‘तोंडावरून वारे गेले’ असे समजून घरी थांबणे घातक ठरू शकते.