धुतलेला हात: परिचारिकांचे खाटेजवळचे शिक्षण

रुग्णालयात लागणारा जंतुसंसर्ग एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः शुश्रूषा करणाऱ्याच्या हातावरून. नाडी बघणे, सलाईन बदलणे, कूस वळवणे, चादर नीट करणे या कामांत परिचारिकेचा हात एका पाळीत शेकडो ठिकाणी लागतो. म्हणून जंतुसंसर्ग नियंत्रणाचे शिक्षण हातापासूनच सुरू होते. हात कसा धुवावा हे तासाभरात शिकवता येते. केव्हा धुवावा हे अंगवळणी पडायला मात्र बरेच महिने लागतात, आणि ते वॉर्डातच पडते.

या विषयाचा आरंभ सहसा व्हिएन्नापासून सांगितला जातो. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या बाळंतिणी कितीतरी जास्त. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येतात, सुईणी शवागारात पाऊलही टाकत नाहीत, हा फरक इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये हेरला. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केल्यावर एप्रिलमधील १८ टक्क्यांचे मृत्युप्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. तरी बहुतेक समकालीन डॉक्टरांना ते पटले नाही. माहिती असणे आणि सवय असणे यांतले अंतर तेव्हापासूनचे आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त किंवा शरीरस्रावाशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटचा क्षण सहज निसटतो, कारण खाटेचा कठडा किंवा सलाईनचा स्टँड कुणाला अस्वच्छ वाटत नाही. हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोलयुक्त हँडरब २० ते ३० सेकंद चोळणे पुरते. मळलेले असतील तर साबण-पाणी, एकूण ४० ते ६० सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबाच्या रुग्णाबाबत मात्र साबण-पाणीच हवे, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

शिकवण्याची एक युक्ती फार बोलकी आहे. अतिनील प्रकाशात चमकणारे मलम विद्यार्थिनीच्या हाताला चोळायचे, नेहमीसारखे हात धुवायला सांगायचे आणि दिव्याखाली हात धरायला लावायचे. अंगठा, बोटांची टोके आणि बेचक्या चमकत राहतात. अंगठी, बांगडी, वाढलेली नखे का चालत नाहीत, हेही मग वेगळे सांगावे लागत नाही. हातमोज्यांबद्दलचा गैरसमज अधिक चिवट: मोजे घातले की हात धुतल्यासारखेच. मोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, काढताना हात बरबटतो आणि तेच मोजे घालून तीन खाटा फिरल्यास मोज्यांमुळेच संसर्ग पसरतो.

लघवीच्या कॅथेटरची निगा हा खाटेजवळच शिकण्याचा धडा. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडायचा नाही. रुग्णाला एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय पिशवी उचलून पोटावर ठेवतो तेव्हा लघवी उलटी फिरते. तिथे विद्यार्थिनीने टोकले पाहिजे. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कॅथेटर लवकर काढणे. तो आजही हवा आहे का, हा प्रश्न डॉक्टरांच्या राउंडला रोज विचारण्याचे धैर्यसुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंशांवर उंच ठेवणे आणि तोंडाची निगा राखणे, या साध्या शुश्रूषेचाही संसर्ग रोखण्याशी संबंध आहे.

परिचारिकेची स्वतःची सुरक्षितता याच अभ्यासात येते. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायचे नाही. ती थेट, सुईने भोक न पडणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकायची. भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कचऱ्याच्या पिशव्या-डब्यांसाठी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे रंग ठरवून दिले आहेत. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही आणि ताबडतोब कळवायचे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच सुरू करावी लागतात. ओरडा बसेल म्हणून टोचलेली सुई लपवणारी विद्यार्थिनी हे वॉर्डाचे अपयश समजावे. हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस तर क्लिनिकल पोस्टिंगआधीच सुरू झालेले बरे.

आपल्याकडे खाटेशी नातेवाईक असतोच. तोच पाणी पाजतो, भांडे देतो, रात्री पायथ्याशी टेकतो. त्याला हँडरब वापरायला शिकवणे परदेशी पाठ्यपुस्तकांत क्वचित सापडते, पण इथल्या परिचारिकेचे ते रोजचे काम आहे.

डेमो आणि रिटर्न डेमो (पाहिलेली कृती स्वतः करून दाखवणे) झाल्यावर विद्यार्थिनी वॉर्डात येते आणि इन्चार्ज सिस्टर जे करतात तेच उचलते. म्हणून वरिष्ठांचे पुनःप्रशिक्षण आधी व्हायला हवे. हात धुण्याची नोंद घेणारा निरीक्षक समोर उभा असला की सगळेच हात धुतात. त्यामुळे निरीक्षणाच्या जोडीला हँडरब किती संपला हेही मोजतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेले किमान प्रमाण दर १००० रुग्ण-दिवसांमागे २० लिटर आहे.