चिमूटभर खाद्य आणि दोनशे लिटर समुद्र

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या दिवाणखान्यात गेली चौदा वर्षे दोनशे लिटर समुद्र उभा आहे. समुद्र म्हणायचे ते कौतुकाने. प्रत्यक्षात ते आरओचे पाणी आहे आणि त्यात विकतचे समुद्री मीठ, लिटरमागे पस्तीस-अडतीस ग्रॅम. ठाण्याची खाडी जवळ असली तरी तिचे पाणी मी कधी आणले नाही. पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो आणि सांडपाणी तर बाराही महिने असतेच.

शिक्षणाने मी वाणिज्य शाखेचा. उमेदीची वर्षे कल्याणला एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत गेली. जीवशास्त्र जे काही आले ते टाकीपुढे बसून, जुने शोधनिबंध मिळेल तिथून मिळवून आणि मुख्यतः चुका करून. त्यांतली सर्वांत मोठी चूक आधीच सांगून टाकतो, कारण हा सगळा अभ्यास तिच्यापासून सुरू झाला.

टाकी मांडली त्याच वर्षी एका दुकानातून मी नारिंगी नळ्यांचा एक झुबका आणला. दुकानदाराने नाव सांगितले ‘सन कोरल’. दिवसा मिटलेला, रात्री दिवे मालवले की प्रत्येक नळीतून झेंडूच्या फुलासारखा पिवळाधमक पॉलिप उमलायचा. आम्ही घरातले सगळे जेवणे आटोपून अंधारात ते बघत बसायचो. त्याला भरपूर प्रकाश मिळावा म्हणून मी महागडे दिवे लावले आणि खायला मिळावे म्हणून पाण्यात रोज खाद्य टाकत राहिलो. चार महिन्यांत पॉलिप आक्रसले, नळ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि शेवटी नुसता सांगाडा उरला. त्याच काळात काचेवर हिरवे शेवाळ इतके माजले होते, की आतले मासे दिसेनात. पाणी अतिअन्नाने बिघडले होते आणि त्याच पाण्यात प्रवाळ उपासमारीने मेले होते. हे एकाच वेळी कसे घडू शकते, हे समजायला मला पुढची काही वर्षे लागली.

आधी खाद्याचा हिशेब बघू. कोरड्या खाद्याच्या डब्यावर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते. बहुधा ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. प्रथिनात साधारण सोळा टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात ८० मिलिग्रॅम नायट्रोजन आला. मासा खातो, त्यातला मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून बाहेर टाकतो. दगडांवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ८० मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होते सुमारे ३५४ मिलिग्रॅम. दोनशे लिटरला भागले तर लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम. फार वाटत नाही. पण रोज एक ग्रॅम टाकले आणि काहीच बाहेर काढले नाही, तर महिनाअखेर हा आकडा पन्नासच्या वर जातो. खुल्या समुद्रातल्या प्रवाळभित्तीवर तो एकाच्याही खाली असतो. माशाच्या अंगी लागणारा वाटा यातून वजा करावा हे खरे. पण पूर्ण वाढलेल्या माशाच्या अंगी फारसे काही लागत नाही, आपल्यासारखेच. फॉस्फेटची गत याहून वाईट, कारण त्याचा वायू होऊन उडून जायची सोयच नाही. ते दगडात मुरते आणि महिनोन्‌महिने पाझरत राहते.

हा हिशेब मांडल्यावर मी सोनारकामाचा एक छोटा काटा विकत आणला आणि घरातल्या प्रत्येकाची ‘चिमूट’ तोलली. माझी ०.४ ग्रॅम, बायकोची ०.३, मुलाची ०.९. मुक्कामाला आलेल्या मामांची १.६, कारण मामांना मासे नेहमी उपाशीच दिसायचे! मासे तसे दिसतातच. काचेजवळ माणूस आला की ते तोंडे उघडून पुढे येतात. ती भूक नसते, ती सवय असते. समुद्रात पुढचा घास कधी मिळेल याचा भरवसा नसलेल्या जीवाची सवय.

खाऱ्या पाण्यात ही चूक गोड्या पाण्यापेक्षा महाग पडते. अमोनियाची दोन रूपे असतात, त्यातले एक फार विषारी. पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार, तितके विषारी रूपाचे प्रमाण जास्त. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ आणि आपल्याकडचे तापमान अठ्ठावीसच्या घरात. म्हणजे तेवढाच अमोनिया साध्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे कितीतरी पटींनी घातक. त्यात आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू उतरतो, जिवाणूंचे काम मंदावते. म्हणून शुक्रवार हा माझ्या माशांचा उपासाचा वार. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस न खाता आरामात राहतो, हवेवाचून काही तासही नाही.

आता प्रवाळांकडे वळू. प्रवाळ खाते काय, हा प्रश्न विज्ञानालाही लवकर सुटला नव्हता. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक ब्रिटिश मोहीम वर्षभर तळ ठोकून होती. तिचे प्रमुख सी. एम. यंग. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवल राहते हे तेव्हा ठाऊक होते. पण प्रयोगांअंती यंग यांचे मत असे झाले, की प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. तो तरंगते सूक्ष्म जीव पकडून जगतो आणि शैवल त्याच्याकडे फार तर मलनिःसारणाचे काम करते. १९५८ मध्ये मस्कटाइन आणि हँड यांनी प्रवाळाच्याच नात्यातल्या समुद्रपुष्पावर किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवले, की शैवलाने प्रकाशात तयार केलेले अन्न थेट यजमानाच्या शरीरात उतरते. पुढे मोजमापे होत गेली तेव्हा कळले, की उथळ, स्वच्छ पाण्यातल्या अनेक प्रवाळांची रोजच्या ऊर्जेची गरज बहुतांशी या भाडेकरूंकडूनच भागते.

म्हणून यंग चुकले, असे मला वाटत नाही. शैवल देते ती मुख्यतः साखर आणि स्निग्ध पदार्थ. म्हणजे नुसता भात. नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे डाळ-मासळी, प्रवाळाला बाहेरूनच मिळवावी लागते. ती दोन वाटांनी येते. एक, रात्री वर येणारे प्लवक पकडून. दुसरी वाट मला फार आवडते. १९८३ मध्ये मेयर, शुल्ट्झ आणि हेल्फमन यांनी कॅरिबियन समुद्रातल्या एका माशाविषयी लिहिले. हे मासे रात्री समुद्रगवतात चरायला जातात आणि दिवसभर प्रवाळांवर थवा करून विसावतात. ज्या प्रवाळांवर असे थवे विसावत, ती इतरांपेक्षा वेगाने वाढत होती. माशांनी बाहेर चरावे आणि घरी येऊन शेत खतवावे, असा हा प्रकार. आपल्याकडे धनगराची मेंढरे शेतात बसवतात, तोच व्यवहार.

टाकीत प्रवाळांना खाऊ कसे घालावे, याचे अर्धे उत्तर यातच आहे: माशांना नीट घाला. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून जे येते तेच शैवलधारी प्रवाळांना पुष्कळदा पुरते. पाणी अगदी नितळ, नायट्रेट-फॉस्फेट शून्य, असा हट्ट धरणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्यांचे सजीव फिके पडतात आणि मग ते दिवे बदलत बसतात. २०१३ मध्ये वीडेनमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की नायट्रोजन भरपूर पण फॉस्फेटचा दुष्काळ अशा पाण्यात प्रवाळ उष्णता आणि प्रकाश सोसू शकत नाहीत, लवकर पांढरे पडतात. थोडक्यात, दोन्ही खाती उघडी हवीत आणि दोन्हींत शिल्लक अल्प हवी.

माझा नारिंगी झुबका मात्र या व्यवहाराच्या बाहेरचा होता. त्याच्या पेशींत शैवलच नसते. नावात सूर्य असला तरी उन्हाशी त्याचे काही देणेघेणे नाही. कपारीत, सावलीत राहणारा हा जीव केवळ पकडलेल्या घासावर जगतो. माझे महागडे दिवे त्याच्या उपयोगाचे नव्हते, आणि पाण्यात टाकलेले खाद्य दिवसा, तो मिटलेला असताना, मासे फस्त करत होते. प्रत्येक पॉलिपला रात्री, पंप बंद करून, ड्रॉपरने स्वतंत्र घास द्यावा लागतो. मधे मासे आणि कोळंब्या घास पळवतात म्हणून वर कापलेली बाटली झाकावी लागते. वीस तोंडे होती त्याला. मी वीस जणांच्या पंगतीत भाताचे पातेले मधोमध ठेवून निघून गेलो होतो.

खाद्य कोणते, हेही मग शिकलो. आयात केलेल्या गोठवलेल्या सूक्ष्म कोळंबीच्या वड्या मिळतात, पण मला उत्तर मासळीबाजारातच सापडले: ताजा जवळा. जवळा म्हणजे समुद्रात थव्याने तरंगणारी इवलीशी कोळंबीच. बोंबलाचे पोट फाडले तर बहुधा तोच निघतो. अख्खा, कवच-डोळ्यांसकट खाल्ला जातो म्हणून सोललेल्या कोलंबीपेक्षा चांगला. सुका जवळा मात्र नको, आणि बर्फात दोन दिवस पडलेलाही नको. मी पावशेर आणतो, आरओच्या पाण्यात दोनदा निथळतो (त्या पहिल्या गढूळ पाण्यातच निम्मे फॉस्फेट जाते, असा माझा अंदाज), पातळ थरात गोठवून नखाएवढे तुकडे पाडतो. कोळीण मावशींनी एकदा विचारले, “दादा, एवढासाच? मांजरीला नेताय?” खरे सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आमचा जवळा पुन्हा समुद्रात चालला म्हणायचा.” फक्त जवळाच घालू नये, हे मात्र खरे. कच्च्या शिंपल्यांत आणि काही कोळंब्या-माशांत थायमिनेज नावाचे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. आलटून पालटून कोरडे खाद्य, आणि शेवाळ खाणाऱ्या माशांना समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापड, असे चालू ठेवतो.

पिलांसाठी आर्टेमिया लागतो. त्याची अंडी डब्यातून येतात. याच आर्टेमियाची मुंबईतली नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात केली होती. आपल्या मिठागरांतला जीव आपण परदेशी डब्यातून विकत घेतो, याची गंमत वाटते आणि थोडे वाईटही.

झुबक्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायला मला आजही जड जाते. तो विकतही घ्यायला नको होता. २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आली, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ती तोडणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. दुकानदाराने सांगितले नाही, मी विचारले नाही. आज माझ्या टाकीत दोन विदूषक मासे, एक डॅमसेल आणि कल्याणच्या मित्राच्या टाकीत वाढलेल्या झोअँथिडांची एक चटई आहे. (तिला हात लावताना हातमोजे घालतो. या कुळातल्या काही जातींत जहाल विष असते.) दगडी प्रवाळ नाही.

ते बघायला मी आता मुंबईला जातो. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० मध्ये, हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या अठरा वसाहती दुसरीकडे हलवल्या गेल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना प्रथमच कळले की इथे प्रवाळ आहेत. त्यांतली एक जात-जमात डेन्ड्रोफिलिइडी कुळातली, म्हणजे माझ्या नारिंगी झुबक्याची भावकी. या कुळातली बरीच प्रवाळे शैवलावाचून जगतात. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही; पण त्या गढूळपणात प्लवक असते, जवळ्याची पिले असतात. मी दिव्यांनी आणि चिमटीने जे देऊ शकलो नाही, ते तिथे दर भरतीला आपोआप येते.

गेल्या हिवाळ्यात ओहोटीला एका किनारभ्रमंतीत सामील झालो होतो. एका खडकाच्या पोटाखाली, सावलीत, नाण्याएवढा तपकिरी ठिपका दाखवण्यात आला. मिटलेला होता. मी गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहिले, हात लावला नाही. मग पाणी चढू लागले आणि आम्हाला मागे फिरावे लागले.